पाकिटावरचा हात

"हात थांबवा की जरा, अक्का!" नरसय्या मास्तर वैतागून म्हणाले.

"हात थांबला तर भाकरी फाटंल. तुम्ही तुमची पेन्सिल पळवा," मी म्हणाले.

माझ्या चुलीपुढं पाट टाकून ते बसले होते. मांडीवर चौकटी-चौकटींचा कागद, कानावर दुसरी पेन्सिल, आणि धुरानं डोळ्यांतून नुसतं पाणी. नरसय्या येमूल म्हणजे आमच्या सोलापुरातले चादरीचे नक्षीवाले. जन्मभर त्यांनी चादरींवर मोर काढले, तेही चौकटी मोजून, कारण नक्षी मागावर उतरायची तर प्रत्येक रेघ चौकटीत बसावी लागते. साधं फूल काढायला सांगा, हा माणूस आधी चौकटींचा कागद मागणार. आणि वर ऐकवणार, "माझी नक्षी पार दुबईत अंथरलीय!" बढाईखोर होते, पण कामाला चोख. म्हणून तर मी त्यांना बोलावलं होतं.

माझा धंदा कडक भाकरीचा. ज्वारीची भाकरी पातळ थापायची, तव्यावर भाजायची, मग निखाऱ्याच्या कडेला उभी करून अशी वाळवायची की महिनाभर डब्यात राहिली तरी मोडताना कडकन वाजली पाहिजे. आमचे मालक गेले तेव्हा मी तिशीतही नव्हते. रडून झालं, मग पोट कुणाला चुकलंय? ओसरीवर चूल मांडली. आधी लांब पल्ल्याचे ट्रकवाले न्यायचे, मग दुकानदार मागायला लागले. माझा दीर रेवण मिलमधून सुटला होता, तो सायकलवर पोती बांधून दुकानोदुकानी माल घालायला लागला. "माळगे यांची कडक भाकरी" म्हणून नाव झालं.

नाव झालं आणि त्याबरोबर डोकेदुखीही आली. स्टँडवर कुणीतरी जाडजूड, करपलेल्या भाकऱ्या आमच्या नावानं खपवायला लागला. पाकिटावर नुसतं नाव लिहून भागत नाही. बाजाराला येणाऱ्या निम्म्या बायका नाव वाचतात कुठं? त्या 'मोराचा साबण द्या', 'घोड्याची चहापूड द्या' असं म्हणतात. तेव्हा आपलीही काहीतरी खूण पाहिजे, आणि ती सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या जत्रेआधी पाहिजे, असं मी ठरवलं. जत्रेत सगळा जिल्हा येतो. तिथं एकदा खूण डोळ्यांत बसली की बसली.

"झालं का चित्र?" म्हणत रेवण आत आला. मागून त्याची बायको, माझी धाकटी जाऊ प्रेमला, चहा घेऊन आली.

"होतंय. हात काढतोय मी. भाकरी थापणारा हात," मास्तर म्हणाले.

"हात?" रेवणनं तोंड वाकडं केलं. "वहिनी, मी प्रेसवाल्याकडून नमुने आणलेत. आधी हे बघा तरी."

त्यानं काखेतली गुंडाळी सोडली. पहिल्या कागदावर सिद्धेश्वराचं देऊळ, तळ्यासकट.

"देवाचं नाव घेतलं की बरकत," रेवण म्हणाला.

"आणि भाकरी खाऊन झाली की पाकीट कुठं जातं?" मी विचारलं. "गटारात. उकिरड्यावर. लोकांच्या पायाखाली. देवाला तिथं पाठवायचं का आपण?"

प्रेमलानं पटकन जीभ चावली. रेवणनं तो कागद खाली ठेवला. दुसऱ्या कागदावर एका गोलात तीन इंग्रजी अक्षरं एकमेकांत अडकवलेली होती. मोटारीच्या पुढं असतात ना, तसली.

"हे एकदम आजकालचं आहे. शहरात चालतं," तो म्हणाला.

"मला वाचता येत नाही, ते मी काय विकू?"

"बरं, मग हे बघा." तिसरा कागद त्यानं जपून उलगडला. बाईचा चेहरा होता. नाकात नथ, कपाळाला कुंकू ठसठशीत, डोक्यावर पदर, गालात हसू. "मसाल्याच्या हरेक पुडीवर असा असतो. बघितला की घरचं वाटतं. नमुना आहे हा. आपण फोटोवरून आपलाच काढून घ्यायचा."

"आपला म्हणजे कुणाचा?"

"प्रेमलाचा."

"भाकरी मी करते, रेवण."

"होय की, वहिनी. कोण नाही म्हणतंय? पण खायची वस्तू आहे. लग्नाकार्यात जाते. रुखवतात मांडतात. त्यावर..." त्याची नजर माझ्या मोकळ्या कपाळावर आली आणि तिथून खाली चुलीकडं गेली.

तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. रेवण वाईट माणूस नव्हता, सायकल हाणून हाणून त्याच्या पायात गोळे यायचे, ते मी बघितलेलं आहे. पण मला कळत होतं ना पुढचं! पाकिटावर जिचं चित्र, तिचा धंदा. नाव तर दोघींचं माळगेच. आज चित्र प्रेमलाचं, उद्या गल्ला रेवणचा, आणि परवा मी त्यांच्या घरी भाकरी थापणारी एक बाई. उभा केला कुणी आणि बसणार कोण! आयत्या बिळावर नागोबा म्हणतात ते हेच.

"चेहरा कुणाचाच नको," मी म्हणाले. "भाकरीवर काय चेहरा उमटतो? बोटं उमटतात. माझं गिऱ्हाईक भाकरी हातात घेतं, कडेला माझी बोटं बघतं आणि मगच पैसे काढतं. हात म्हणजे हातच."

"वहिनी, कशाला हात दाखवून अवलक्षण!"

"अहो, चेहरा एका रंगात ठोकळ्यानं छापला तर नुसता डाग दिसतो, डाग!" मास्तर मध्येच कडाडले. त्यांना आमच्या भांडणाशी देणंघेणं नव्हतं, त्यांची नक्षी कुणी नापास करतोय याचाच राग आला होता. "हात लांबून ओळखू येतो. लहान काढा, मोठा काढा, हातच दिसतो. नरसय्या येमूल सांगतोय!"

रेवणनं गुंडाळी बांधली. प्रेमला मात्र जाता जाता वाकून मास्तरांचा कागद बघून गेली. "अगदी ताईंचाच आहे," ती म्हणाली, आणि नवऱ्यानं बघितलं तशी कपबशा घेऊन बाहेर गेली.

जत्रेच्या तोंडावर मास्तर सागवानी ठोकळा घेऊन आले. स्वतः कोरलेला. येताना नवा सदरा घातला होता, टोपी घातली होती. मी शाई काढली, रेवणनं खाकी पाकिटं पुढं केली, प्रेमलानं खाली घोंगडी अंथरली. मास्तरांनी ठोकळा शाईत बुडवला, पाकिटावर दाबला आणि अलगद उचलला.

काय सांगू तुम्हाला! गोल भाकरी, तिच्यावर थापणारा हात, बोटं पसरलेली, कडेला पिठाची कणी उडालेली. माझं वाकडं करंगळीचं टोकसुद्धा त्यांनी सोडलं नव्हतं. आणि मनगटावर डझनभर बांगड्या.

मी बघतच राहिले. माझ्या हातात त्या दिवशी, आणि त्याच्या आधीची कितीतरी वर्षं, काही म्हणजे काही नव्हतं.

"मास्तर, ह्या कुठनं आल्या?"

"कुठल्या?"

"बांगड्या."

"हात ओकाबोका दिसत होता, अक्का. मनगटाशी सगळी जागा रिकामी. मोकळी जागा मला बघवत नाही, म्हणून भरली." ते हसत होते. मग माझ्या तोंडाकडं बघून त्यांचं हसू थांबलं. माझ्या हातापुढं बसून त्यांनी सगळा हात चौकटीत उतरवला होता, पण बाईचा हात म्हटलं की बांगड्या आल्याच. डोक्यात इतकं घट्ट बसलेलं, की समोर नसताना त्यांना दिसल्या.

रेवण मात्र खूश. "झकास! आता कसं भरलेलं वाटतं. वहिनी, तुमचाही हट्ट राहिला आणि लोकांचंही तोंड बंद. कुणी विचारलं तर सांगायला बरं, प्रेमलाचा हात आहे म्हणून."

म्हणजे चेहरा गेला दारातून आणि परत आला खिडकीतून!

"मास्तर," मी म्हणाले, "ह्या काढून टाका. पटाशी लावा आणि मनगट साफ करा."

मास्तरांनी दोन्ही हात कानांना लावले. "अक्का, ते सोडून काही सांगा. नवा ठोकळा मागा, फुकट देतो, पण जत्रेआधी होणार नाही. ह्याच्यातल्या बांगड्या मी फोडणार नाही."

"लाकडाच्या आहेत त्या."

"लाकडाच्या असल्या तरी बांगड्याच. मला दोन लेकी आहेत, नांदत्या आहेत. त्यांचा बाप असला हात करायचा नाही."

"मग ठेवा इथं. मी काढते."

त्यांनी पिशवीतून पटाशी काढून माझ्यापुढं ठेवली आणि तोंड फिरवून बसले. मी ठोकळा मांडीवर घेतला. पटाशीचं टोक पहिल्या बांगडीवर टेकवलं. आणि माझा हात पुढं जाईना.

घाबरले नव्हते मी. मला भिववायला काही उरलं होतं का? पण मला ती सकाळ आठवली. ह्याच ओसरीवर मला बसवलं होतं. गल्लीतल्या बायका जमल्या होत्या. एकीनं माझं मनगट उंबऱ्यावर धरलं, दुसरीनं वरवंटा आणला. काच घुसली होती, रक्त आलं होतं, आणि "पदरानं पूस गं तिचं" म्हणून कुणीतरी म्हणालं होतं. लेकींचे बाप असलेले पुरुष अंगणात बसले होते. लाकडाच्या बांगड्यांसाठी कानांना लागणारे हे हात, त्या दिवशी त्यातला एकही मधे पडला नव्हता. आणि आता मी तेच ह्या हाताचं करू? त्यानं माझं काय वाकडं केलंय?

मी पटाशी मास्तरांना परत दिली. "राहू द्या. सुरेख झालाय ठोकळा," म्हणाले, आणि पाकिटं छापायला बसले. रेवणला वाटलं, वहिनी समजुतीनं वागल्या. तो शीळ घालत बाहेर गेला.

गड्ड्याची जत्रा म्हणजे ऐन संक्रांत. पाळणे, पिपाण्या, मौत का कुआँ, आणि सगळीकडं तीळगुळाचा आणि धुळीचा वास. आमचं दुकान म्हणजे चार बांबू आणि वर ताडपत्री. पुढं फळीवर पाकिटांची रास आणि रेवण. त्याच्या शेजारी प्रेमला, जरीच्या साडीत, नवऱ्यानं सांगितलं म्हणून नथ घालून. मागं चुलीशी मी. बरोब्बर समोर कासारांची रांग होती, हिरव्या-लाल बांगड्यांच्या माळाच्या माळा लटकवलेल्या, आणि संक्रांतीचा चुडा भरायला बायकांची ही झुंबड.

खूण डोळ्यांत भरत होती. "ती हाताची भाकरी द्या," असं म्हणत बायका यायला लागल्या.

दुपारच्या सुमाराला मोहोळकडची एक बाई आली. उंच, धिप्पाड, आवाज असा की पाळणेवालासुद्धा वळून बघेल. मागं दोन सुना. सगळे तिला पाटलीणबाई म्हणत होते. तिनं पाकीट उचललं, उलटंसुलटं केलं, एक भाकरी मोडली, कडकन आवाज ऐकला आणि मान हलवली.

"लेकीचं लग्न आहे सुरतेला," ती म्हणाली. "सगळं वऱ्हाड रेल्वेनं जायचंय. शिदोरीला पाहिजे, रुखवतालाही पाहिजे. पण मी बघितल्याशिवाय घेत नसते. हा हात कुणाचा?"

"ही काय, माझ्या बायकोचा," रेवणनं प्रेमलाला पुढं केलं.

"होय का? बस मग, पोरी. एक भाकरी थापून दाखव."

प्रेमला कोकणातली. भाताच्या मुलखातली पोर, ज्वारीची भाकरी तिच्या हातात कधी उतरलीच नाही. तिनं एकदा नवऱ्याकडं बघितलं, एकदा माझ्याकडं बघितलं. रेवण डोळे वटारत होता.

"मला येत नाही," ती म्हणाली. आवाज बारीक होता, पण सगळ्यांना ऐकू गेला. "हात ताईंचा आहे. त्या बसल्यात ना मागं, त्यांचा. सगळं त्यांचंच आहे."

पाटलीणबाई फळीवरून वाकली. माझ्या कपाळाकडं बघितलं, हाताकडं बघितलं, मग पाकिटाकडं.

"ह्यात तर बांगड्या आहेत," ती म्हणाली.

"अहो, ते चित्रकारानं आपलं..." रेवण सारवासारव करायला लागला. मागच्या दोन बायका थांबून ऐकायला लागल्या. खोटं बोलून माल खपवणारे, असं एकदा जत्रेत झालं की संपलं. स्टँडवरचा तो चोर आणि आम्ही एकाच माळेचे मणी झालो असतो.

मी हात धुतले, पदराला पुसले आणि उठले.

"पाटलीणबाई, हलायचं नाही इथनं," मी म्हणाले. "आत्ता येते."

समोरच्या कासारापुढं जाऊन बसले. म्हातारा होता, जाड भिंगाचा चष्मा. त्यानं सवयीनं विचारलं, "माप कुणाचं, बाई? लेकीचं का सुनेचं?"

"हे घ्या माप." मी हात पुढं केला. "हिरव्या भरा. दोन्ही हातांत."

त्यानं हात धरला आणि चष्म्यावरून माझ्या कपाळाकडं बघितलं. मग हात सोडला. शेजारची एकजण म्हणालीसुद्धा, "अगं बाई, काय हे!" मी हात मागं घेतला नाही. तसाच पुढं धरून बसले.

"भरा, तात्या." माझ्या मागं आवाज आला. प्रेमला होती. धावत आलेली, नथ वाकडी झालेली. ती माझ्या शेजारी फतकल मारून बसली आणि माझं कोपर तिनं घट्ट धरलं. "भरा म्हणते ना. घट्ट मापाच्या घाला, काम करायचंय त्या हातांना."

कासारानं बोटं दाबली, पंजा आवळला. माझे हात कामानं राठ झालेले, दुखलं. पण एकेक हिरवी काच मनगटावर उतरत गेली आणि खरं सांगते, मला लई बरं वाटलं. मला बांगड्या आवडायच्या हो! लहानपणापासून आवडायच्या. लग्नाच्या आधीपासून, कुणा नवऱ्याचा पत्ता नव्हता तेव्हापासून. फोडताना कुणी विचारलंच नव्हतं.

चुडा भरला की कासार वरती एक बांगडी जास्तीची घालतो, तिचे पैसे घेत नाही. म्हाताऱ्यानं ती सवयीनं उचलली आणि हातात धरून थांबला.

"ही मी धन्याच्या आयुष्याच्या नावानं घालतो, बाई," तो हळूच म्हणाला. "तुम्हाला कशी घालू?"

"माझ्या आयुष्याच्या नावानं घाला," मी म्हणाले. "मलाही आयुष्य आहे की."

म्हाताऱ्यानं ती बांगडी घातली आणि दोन्ही हात जोडले. मीही जोडले.

परत आले तर दुकानापुढं ही गर्दी. पुढं गल्लीत किती दिवस काय काय बोललं गेलं, कुणी दारातून परत फिरलं, ते सांगत बसत नाही, लोकांना काय, उचलली जीभ लावली टाळ्याला. त्या घटकेला मला फक्त परात दिसत होती. बसले, पीठ घेतलं, उकळतं पाणी घातलं, मळलं, गोळा केला आणि थापायला लागले. बांगड्या वाजत होत्या. खाली घसरल्या की कोपरानं वर सारायच्या, ही सवय इतक्या वर्षांनी आपोआप परत आली. भाकरी परातीएवढी गोल, पातळ, कडेला पाची बोटं. पाटलीणबाईनं पाकीट माझ्या हाताशेजारी धरलं आणि एकदा इकडं, एकदा तिकडं बघत राहिली.

धाकटी सून तिच्या कानाशी लागली. "अहो आत्या, ती बाई विधवा आहे."

"दिसतंय मला. डोळे आहेत."

रेवण पुढं सरसावला. "मावशी, सांगा, किती पाकिटं बांधू? दर मी तुम्हाला..."

"तुम्ही जरा बाजूला व्हा हो," पाटलीणबाई म्हणाली. "मला धंदेवालीशी बोलायचंय."

रेवण बाजूला झाला. मी भाकरी तव्यावर टाकली, हाताचं पीठ झटकलं आणि तिच्याकडं बघितलं.

"बोला, पाटलीणबाई. वऱ्हाड किती माणसांचं आहे?"